सैल दिसणारे तीन स्क्रू

गाडीची पुढची चाकं वळत होती, पण रिमोट तिच्या नाकाशी धरला तरच. दोन हात मागे सरकलं की गाडी बहिरी. टेबलाच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला पराग आणि मध्ये बिस्किटाच्या डब्यावर टेकवलेली चाळीस वर्षांपूर्वीची जपानी रेडिओ-कंट्रोल गाडी.

"आजी, सोडा आता," पराग म्हणाला. "नवीन रिमोट, नवीन रिसीव्हर ऑनलाइन मागवू. अर्ध्या तासाचं काम आहे."

"अर्ध्या तासाचं काम तू कर. मी माझं करते."

पराग दुकानाचा मालक. ठाण्यात मार्केटच्या मागच्या गल्लीत त्याच्या वडिलांनी रेडिओ-टीव्ही रिपेअरिंगचं दुकान काढलं होतं, ते आता मोबाईलचं झालंय. वागळे इस्टेटमधली माझी कंपनी बंद पडली तेव्हा त्याच्या वडिलांनी मला खिडकीजवळचं टेबल दिलं. ते गेले, टेबल राहिलं. पण एक तारखेपासून तिथे मोबाईल कव्हरचा फिरता स्टँड येणार, असं परागने ठरवलं होतं. मी सत्तरीची आणि माझी गिऱ्हाइकंही माझ्याच वयाची, म्हणजे हा धंदा आपोआप संपणार, असा त्याचा हिशोब. मी म्हटलं, ही गाडी तिच्या जुन्याच रिमोटवर गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळवून दाखवली तर? तो हसला. म्हणाला, मग टेबल तुमचं. मी लगेच हात पुढे केला आणि दोन गिऱ्हाइकांसमोर त्याच्याकडून टाळी घेतली. तोंडी करार असला की साक्षीदार हवेत, एवढं मला नोकरीने शिकवलंय.

गाडी फ्रान्सिसची. खाडीकडच्या गावातला, पन्नाशी ओलांडलेला माणूस. त्याचे वडील जहाजावर फिटर होते, त्यांनी ती परदेशातून आणली होती. फ्रान्सिसने पहिल्याच दिवशी दोन गोष्टी सांगितल्या. दोन हजारांच्या वर खर्च नको. आणि रिमोट बदलायचा नाही.

"रिमोट बदलला तर ती माझ्या बापाची गाडी नाय राहत, बाय," तो म्हणाला. त्यांच्यात मोठ्या बाईला बाय म्हणतात. मला आवडलं. पराग आजी म्हणतो, त्यात 'आता घरी बसा' असं मागे लावलेलं असतं.

कामाला लागले. रिमोटमध्ये जुने सेल पाझरून हिरवट मीठ जमलं होतं. ते व्हिनेगर आणि जुन्या टूथब्रशने काढलं. गाडीची बॅटरी गेलेलीच होती, नवे सेल जोडून तिचा पॅक बांधला. वेग कमी-जास्त करणारी पितळेची पट्टी काळी पडली होती. तिला शाळेतलं खोडरबर घासलं. टायर लाकडासारखे कडक झाले होते, ते तसेच ठेवले. माझेही गुडघे तसेच आहेत, मी चालतेच की. निम्मे पैसे एवढ्यातच संपले आणि गाडी जागी झाली. मोटर फिरली, चाकं वळली. फक्त तिला ऐकू यायचं ते दोन हातांपर्यंतच.

आधी रिमोट तपासला. त्याचा सिग्नल धडधाकट होता. म्हणजे दोष गाडीतल्या रिसीव्हरचा, काडेपेटीएवढ्या काळ्या डबीचा. फ्रान्सिसला फोन करून विचारलं, ही डबी कोणी उघडली होती का? कोणी नाही, म्हणाला. खाऱ्या हवेने बिघडली, असं वडील सांगायचे.

डबी उघडली, भिंग लावलं. आत गंजाचा ठिपका नव्हता. पण आत नखाएवढ्या तीन चौकोनी पत्र्याच्या डब्या असतात, त्यांना आय.एफ. कॉइल म्हणतात. प्रत्येकीत बारीक तारेची गुंडाळी आणि मधोमध फेराइटचा, म्हणजे काळ्या ठिसूळ मसाल्याचा गाभा. गाभ्यावर स्क्रूसारखी खाच. गाभा केसभर वर-खाली केला की रिसीव्हर नेमका आपल्याच रिमोटचं ऐकतो. कारखान्यात तो एकदा जुळवतात आणि मग कोणी हात लावायचा नसतो. इथे तिन्ही गाभे तळाला गेले होते. खाचांच्या कडा उडाल्या होत्या. एक तर चिरून तिथेच अडकला होता.

मी भिंग खाली ठेवलं आणि हसायला लागले. पराग म्हणाला, काय झालं? म्हटलं, जुनी ओळख निघाली.

त्याचं असं आहे. बावीस वर्षांची असताना मी वागळे इस्टेटमध्ये ट्रान्झिस्टर रेडिओच्या कंपनीत लागले. आयटीआयचं सर्टिफिकेट पर्समध्ये घेऊन फिरायची, जणू बसचा कंडक्टरच ते मागणार होता. तिसऱ्या आठवड्यात माझ्यासमोर चाळीस बोर्डांचा ट्रे आला. बघते तर काय, प्रत्येक बोर्डावर तीन स्क्रू अर्धवट सैल. मला वाटलं, आधीच्या मुलींनी कामचुकारपणा केला. जेवणाची सुट्टी बुडवून मी एकूण एक स्क्रू गच्च आवळला आणि शाबासकी घ्यायला सुपरवायझर पेंडसेसाहेबांकडे गेले.

"साहेब, सगळे स्क्रू सैल होते. मी आवळले."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "सगळे?"

"सगळे."

"वा," ते म्हणाले.

ट्यूनिंगच्या मुलीची दोन दिवसांची मेहनत मी पाऊण तासात गाडली होती. पुढचे चार दिवस तिच्या शेजारी बसून मी एकेक बोर्ड परत जुळवला, आणि ती बाई माझ्याशी एक शब्द बोलली नाही. त्यानंतर नियम झाला की ट्यूनिंग झालं की प्रत्येक गाभ्यावर लाल ठिपका द्यायचा. ठिपका म्हणजे हे असंच ठेवायचं आहे, हात लावू नये. पहिल्या दिवशी ठिपक्यांसाठी नेलपॉलिशची बाटली माझ्या पर्समधून गेली. निदान सर्टिफिकेटशेजारी एक तरी कामाची वस्तू निघाली.

संध्याकाळी फ्रान्सिस आला. त्याच्या हातात भिंग दिलं आणि खाचा दाखवल्या. तो हळूच म्हणाला, की वडिलांचा नियम होता. मशीन हादरतं, हादऱ्याने स्क्रू सुटतात, म्हणून गाडी चालवून झाली की प्रत्येक स्क्रू आवळायचा. तो तेव्हा अकरा वर्षांचा. एकदा त्याने जरा जास्तच मनापासून नियम पाळला.

"पुढच्या रविवारी गाडी ऐकेनाशी झाली. बाप मरेपर्यंत खाऱ्या हवेला शिव्या देत होता, बाय."

मी त्याला माझे चाळीस रेडिओ सांगितले. त्याचा चेहरा जरा सुटला. म्हणाला, म्हणजे तुमच्यापेक्षा मी बरा, माझी एकच गाडी.

दोन गाभे वर काढता आले. त्यांना लोखंडी स्क्रूड्रायव्हर चालत नाही, लोखंड जवळ आलं की जुळणी बदलते. मी विणकामाची प्लॅस्टिकची सुई घासून चपटी केली. महागडी यंत्रं कंपनीबरोबर गेली, म्हणून त्याच रिमोटचा सिग्नल घेतला आणि मीटरच्या काट्याकडे बघत सुई केसाकेसाने फिरवली. चिरलेल्या गाभ्याची कॉइल मात्र नवीनच हवी होती, आणि ती आता कुठे मिळते? जुन्या ट्रान्झिस्टरमध्ये मिळते. तशी एक दुकानातच होती. परागने शोकेसमध्ये शोभेला ठेवलेला रेडिओ. मी सरळ विचारलं, हा चालतो का रे? मोबाईलमधून मान वर न करता तो म्हणाला, "नाही हो, नुसता शोसाठी आहे." मला एवढी परवानगी पुरली.

रविवारी सकाळी गल्लीतली शटरं बंद होती. मी लबाडी करीन म्हणून रिमोट परागनेच हातात घेतला. त्याचं चुकलं नाही, मी केलीही असती. गाडी निघाली. बंद बेकरी मागे टाकली, मीटरच्या पेटीपर्यंत गेली आणि थांबली.

"राहू द्या, आजी," पराग म्हणाला. आवाज मऊ होता, त्याचाच मला जास्त राग आला.

मी गाडीकडे बघितलंच नाही, त्याच्या हाताकडे बघितलं. "एरियल बाहेर काढ."

"तुटेल म्हणून मी..."

"काढ."

त्याने एकेक कांडं ओढत एरियल पूर्ण उंच केली. गाडी हलली. गल्लीच्या टोकाला गेली, कडक टायरांवर घसरत वळली आणि परत येऊन फ्रान्सिसच्या चपलांशी थांबली. फ्रान्सिसने वाकून तिच्या टपावरून हात फिरवला. मग खिशातून एक छोटा स्क्रूड्रायव्हर काढून माझ्या हातात दिला. म्हणाला, "हा तुमच्याकडेच ठेवा, बाय. माझा भरवसा नाय."

दुकान उघडल्यावर परागने विचारलं, ती तिसरी कॉइल कुठून आणली? मी शोकेसकडे बोट केलं. तो म्हणाला, "तो बाबांचा रेडिओ होता."

"मला माहीत आहे. त्यांनी तो याच टेबलाशी बसून ऐकलाय."

चहा आला, चहा गेला. मग त्याने शोकेस उघडली, रेडिओवरची धूळ स्वतःच्या शर्टाने पुसली आणि तो माझ्यासमोर आणून ठेवला. "आता हा पण चालू करून द्या."

दोन हजारांच्या वर जाणार नाही, मी म्हटलं. कॉइल तेवढी तू शोधून आण.

स्टँड दाराशी उभा राहिला, टेबल खिडकीशीच आहे. एवढ्या वर्षांत धडा एकच घेतला. एखादी गोष्ट सैल दिसली, तर ती तशी कोणी मुद्दाम ठेवली आहे का, एवढं आधी विचारावं. आणि समोरचा विचारीलच, यावर विसंबू नये. म्हणून स्टँड आला त्याच दिवशी नेलपॉलिश आणलं, आणि घरी जायच्या आधी टेबलाचे चारही पाय जिथे फरशीला टेकतात तिथे एकेक लाल ठिपका देऊन ठेवला.