मालूबाईंचा खरा भाव

मालूबाईंनी मला फसवलं. माझ्याच ओट्यावर बसून, माझ्याच घरचा चहा पिऊन, माझ्या मुलीच्या शिक्षणाच्या सौद्यात फसवलं, आणि मला कळायच्या आत त्या वारल्या. मी तोंडवलीच्या किनाऱ्यावर मासळी घेत मोठा झालो. डोक्यावर पाटी घेऊन सुरुवात केली, आज माझा स्वतःचा बर्फाचा कारखाना आहे आणि माझ्या गाड्या गोव्यात जातात. लिलावात मला फसवून कोणी सुखाने घरी गेला असं झालेलं नाही. या बाई मात्र गेल्या, आणि जाताना हसत गेल्या असाव्यात असा माझा संशय आहे.

ज्यांनी त्यांना पाहिलेलं नाही त्यांनी सकाळचा किनारा डोळ्यांपुढे आणावा. रापण, म्हणजे सगळ्यांनी मिळून दोर धरून किनाऱ्यावर ओढायचं जाळं, ओढून झाली आहे, वाळूवर पसरली आहे, मासळीभोवती बायका आणि व्यापारी यांची गर्दी आहे, आणि त्या गर्दीच्या मधोमध एक ठेंगणी बाई उकिडवी बसून कुर्ली, म्हणजे खेकडा, उलटीपालटी करते आहे. हातात जुन्या जाळ्याची शिवलेली पिशवी, बहुतेक वेळा रिकामी. मालूबाई रोज यायच्या. प्रत्येक माशाचे कल्ले उघडायच्या, पोट दाबायच्या, वास घ्यायच्या आणि विचारत सुटायच्या. ही सुंगटां खाडयेची काय समुद्राची? ह्या कुर्लेची एक नांगी बारीक कित्याक? आज बांगड्याचे डोळे असे लाल कसे? एवढं करून घ्यायच्या काय, तर मूठभर सुंगटां, म्हणजे कोळंबी, नाहीतर चार बांगडे.

पहिल्यांदा त्या माझ्या वाटेत आल्या तेव्हा मी सुरमईच्या ढिगावर बोली लावत होतो. त्यांनी माझी बाही ओढली आणि विचारलं, "बाबल, ह्या सुरमयच्या अंगार ठिपके आसत, त्या थंयच्या मोठीच्या अंगार पट्टे. ही एकाच आवशीची पोरां काय?"

माझं डोकं फिरलं. "बाई, घेवचा आसा तर घेवा, नायतर बाजूक व्हा."

त्या रागावल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे माशाकडे बघावं तसं बघितलं. "घेतल्यावर मगे इचारूक काय उरता रे?" म्हणाल्या आणि पुन्हा कुर्लीकडे वळल्या. त्या दिवशी पुढची बोली मी चुकीची बोललो. का ते मला अजून नीट सांगता येत नाही.

त्या हायस्कुलात विज्ञान शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर सुरूच्या बनाच्या अलीकडे, आमच्या शेजारच्या घरात एकट्या राहायच्या. वर्गात शुद्ध मराठी आणि दारात मालवणी, असा त्यांचा नेम होता. त्यांचे विद्यार्थी, आता टक्कल पडलेले, त्या समोरून आल्या की विडी पाठीमागे लपवायचे. मी त्यांच्या हाताखाली कधी शिकलो नाही, कारण हायस्कूलची पायरी चढायच्या आधीच मी पाटी उचलली होती. त्यामुळे मला वाटायचं की मी त्यांच्यापुढे मोकळा आहे.

त्यांचा सगळा कारभार एका शब्दावर चालायचा. "मगे?" तुम्ही म्हणालात छप्पर गळतंय, तर मगे? सुताराला निरोप धाडलाय, तर मगे? तो येत नाही, तर मगे? चौथ्या 'मगे'ला माणूस सुतार सोडून, मेव्हण्याशी भांडण का झालं ते सांगत बसलेला असायचा. मी बाजारात लोकांना बोलतं करतो ते त्यांच्याकडून काही काढायला. या बाईंना काही काढायचं नसायचं. त्यांना नुसतं बघायचं असायचं की आत काय आहे. असं गिऱ्हाईक मला आधी कधी भेटलं नव्हतं, आणि म्हणून मी त्यांना टाळायचं सोडून त्यांच्याजवळ जाऊन बसायला लागलो.

माझी मुलगी रसिका बारावी झाली. मी मनात ठरवून टाकलं होतं की तिने मत्स्यशास्त्राला जावं. घरात मासळी, धंदा मासळीचा, मुलगी हुशार, अजून काय बघायचं. मी हे ओट्यावर सांगत होतो आणि बाई बशीतला चहा फुंकत होत्या. मी थांबल्यावर त्यांनी माझ्याकडे न बघता रसिकाला विचारलं, "गो, तुका मासो बरो वाटता काय बर्फ?"

रसिका जराही थांबली नाही. "बर्फ नाय. बर्फ करता ता मशीन."

मला हे ठाऊकच नव्हतं. ती कारखान्यात येऊन कॉम्प्रेसरजवळ उभी राहायची ते मला वाटायचं डबा द्यायला येते म्हणून. असं मेकॅनिकल ठरलं. पुण्याच्या एका विद्यापीठात तिला जागा मिळत होती आणि घरात सगळे खूश होते. मग जेवताना रसिका म्हणाली, "बाबा, थंय को-ऑपय आसा. तां घेव काय?"

मी हातातला घास ताटात टाकला.

आमच्याकडे को-ऑप म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. आमच्याकडे को-ऑप म्हणजे सोसायटी. आम्ही मच्छीमारांनी मिळून एकदा बर्फाचा कारखाना काढला होता. सगळ्यांचा म्हणून कोणाचाच नाही, असा तो चालला. मशीन गंजलं, पत्रे उडाले, चेअरमनच्या घराला मात्र दुसरा मजला चढला. त्याच रागात मी माझा वेगळा कारखाना उभा केला. तेव्हापासून माझ्यासमोर तो शब्द कोणी काढत नाही. आणि आता माझी पोर पुण्याला जाऊन को-ऑपमध्ये शिरणार?

मी उष्ट्या हाताने उठून मालूबाईंच्या दारात गेलो, कारण हे खूळ त्यांच्याच डोक्यातलं अशी माझी खात्री होती. रसिका मागोमाग धावत आली. मी बोलायचं ते सगळं बोललो. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "चेअरमन कोण?"

मी रसिकाकडे वळलो. "सांग. चेअरमन कोण?"

पोर दाराच्या चौकटीला धरून हसायला लागली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी मला पाटावर बसवलं, हात धुवायला पाणी दिलं आणि तिला म्हणाल्या, "बापाशीक सांग आता काय ता."

ते असं होतं. सरळ पदवी चार वर्षांची. को-ऑप घेतलं तर पाच वर्षं लागायची, कारण दुसऱ्या वर्षापासून सहा महिने वर्गात आणि सहा महिने खऱ्या कंपनीत काम, असं आळीपाळीने चालायचं. कॉलेज, कंपनी आणि विद्यार्थी तिघं मिळून करतात म्हणून ते नाव. सोसायटीचा संबंध नाही.

"म्हणजे रापण," मी म्हणालो. "तिघांनी दोर ओढूचो."

"रापणच," बाई म्हणाल्या. "पण माशे नाय गावले तरी हात सोलतत. माका विचारशीत तर नको. वर्ष फुकट जातला. पोरगेक कंपनीत नेवन फडक्यान तेल पुसूक लावतले. चार वर्षांत सुटांदे."

इथे सौदा सुरू झाला. मी नाही म्हणायला गेलो होतो, आणि समोरच्या माणसाने माझ्या आधी नाही म्हटलं. आता माझा स्वभाव असा आहे की कोणी मालाला नाव ठेवलं की मला त्यात काहीतरी दिसायला लागतं. मी म्हणालो, तेल पुसलं म्हणून काय झालं, मीही कॉम्प्रेसर पुसतापुसताच शिकलो. त्या म्हणाल्या, तुझा कारखाना तुझा होता, परक्या कारखान्यात कोण शिकवतो? मी म्हणालो, शिकवत नाहीत, शिकावं लागतं. त्या म्हणाल्या, "मगे?"

असं माझ्या ओट्यावर संध्याकाळ संध्याकाळ चाललं. त्या एकेक अडचण काढायच्या आणि वर म्हणायच्या, "माका खबर नाय, तू इचार." कंपनी कोण शोधणार? कोणीच घेतलं नाही तर? परक्या गावात पोर राहणार कुठे? मी विद्यापीठात फोन लावला. तिथल्या सरांशी मी शुद्ध मराठीत बोललो, कारण भाव पाडायचा असला की मी शुद्ध बोलतो.

"कंपनी तुम्ही देणार की मुलीने शोधायची?"

"मुलाखती आम्ही लावून देतो. निवड कंपनी करते."

"आणि कोणीच निवडलं नाही तर?"

"तसं एखाद्याचं होतं. तो मग सरळ पदवीकडे वळतो."

"म्हणजे सोडता येतं?"

"कंपनीतल्या पहिल्या खेपेनंतरही सोडता येतं."

"आणि आता सरळ घेऊन, मागाहून को-ऑप धरता येतं?"

"नाही. ते सुरुवातीलाच घ्यावं लागतं."

मी फोन ठेवला तेव्हा माझ्या तळहाताला खाज सुटली होती. बोली लावा, माल बघा, आवडला नाही तर बोली मागे घ्या, असा लिलाव मी आयुष्यात पाहिला नव्हता. मी धावत बाईंकडे गेलो. त्यांनी तोंड वाकडं केलं. "माल बघल्याशिवाय भाव बोलतंस? जो थंय जावन इलो तेका इचार आधी."

पुन्हा फोन, पुन्हा तेच सर. त्यांनी कंटाळून वरच्या वर्गातल्या एका मुलीशी माझं बोलणं करून दिलं. ती मुलगी खरं बोलली. पहिले सहा महिने तिला नुसते गेजवरचे आकडे लिहायला लावले होते. "कंटाळा नाही आला?" मी विचारलं. "खूप आला, काका. सोडणार होते. पण नंतर नंतर आकडा बघायच्या आधी आवाजावरूनच कळायला लागलं की मशीन बिघडतंय. मग नाही सोडलं."

हे मी ओट्यावर बाईंना सांगितलं. त्या 'मगे' सुद्धा म्हणाल्या नाहीत. मग कप पुढे सरकवून म्हणाल्या, "जिंकलंस बाबा. मी हरलंय. अजून चाय आसा काय?"

मी इतका खूश झालो की दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे अख्खी सुरमई पाठवली, ठिपक्यांची. पण एक गोष्ट तेव्हाच मला टोचली होती. सौदा हरलेला माणूस पुन्हा चहा मागत नाही.

रसिका को-ऑपला गेली. पुण्याजवळच्या एका शीतगृहात तिची पहिली खेप चालू असताना मालूबाई गेल्या. त्याच दिवशी सकाळी किनाऱ्यावर आल्या होत्या, एक शंख कानाला लावून बसल्या होत्या. मी म्हटलं, "बाई, समुद्र तर समोर आसा, शंखात काय ऐकतास?" तर म्हणाल्या, "तोच आवाज आसा काय दुसरो, ता बघतंय." दुपारी घरातच, आरामखुर्चीत, झोपेत गेल्या. त्यांचं सगळं आम्ही शेजाऱ्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी केलं.

रसिका रजा काढून आली. कारखान्याच्या दाराशी उभे असताना मी तिला म्हटलं, "तुझ्यासाठी बाईंशी मी केवढा भांडलंय, आठवता मां? पण जिंकलंय."

ती म्हणाली, "बाबा, तुमका खरांच वाटता तुम्ही जिंकलास? बाईंनी माका आधीच सांगितल्यानी होती. म्हणाल्यो, तुझ्या बापाशीक 'घे' म्हटलां तर सोडतलो, 'सोड' म्हटलां तर घेतलो. तू गप रव."

मला तिथल्या तिथे कळलं की मी विकला गेलो. पण पुढचं ऐका. पोर म्हणाली, "पण मी जावच्या दिवशी पाया पडाक गेलंय, तेव्हा माझो हात धरून वेगळाच बोलल्यो. म्हणाल्यो, माका अजून वाटता गो, चार वर्षांचाच बरां होता. तुझ्या बापाशीन उगीच माका हरवल्यान."

मी तिला ते पुन्हा सांगायला लावलं. शब्द तेच होते. एकाच मालाचे दोन भाव, बापाला एक आणि लेकीला एक, की दोघांनाही दोन्ही? त्यांना को-ऑप हवं होतं आणि त्यांनी मला वळवलं? की त्यांना खरंच नको होतं, मी खरंच जिंकलो, आणि पोरीला आधी सांगितलेली ती गोष्ट म्हणजे हरल्या तर लाज राहावी म्हणून आधीच करून ठेवलेली सोय? की त्या गेल्यावर आम्ही दोघांनी एकमेकांना विचारत बसावं एवढंच त्यांना हवं होतं?

परवा रसिकाचा फोन आला. पहिली खेप संपली, आता पुढची घ्यायची की सोडून सरळ पदवीकडे वळायचं ते तिला कॉलेजला कळवायचं होतं. 'घे' म्हणालो तर ती काय करेल, 'सोड' म्हणालो तर काय, हे मला ठाऊक नव्हतं, आणि पोर माझीच आहे. शेवटी म्हणालो, "थंय काय चललाहा ता सांग."

ती सांगत सुटली. तिथला सुपरवायझर मुलींना इंजिनरूममध्ये घेत नव्हता. ती रोज दाराशी उभी राहून त्याला एक प्रश्न विचारायची.

"मगे?" मी म्हटलं.

"मगे तेच्यान उत्तर देवक होईना. म्हणान तेणां माका आत घेतल्यान. तूच बघ म्हणालो."

"मगे?"

ती म्हणाली, "घेतंय पुढची खेप. तुम्ही आता बाईंसारखे बोलू नकात."

पोरीचं ठरलं. माझं मिटलेलं नाही. मी ज्या सौद्यात हात घातला त्याचा खरा भाव मला कळला नाही, असं या एकाच वेळी झालंय, आणि मी ते तसंच सोडून देणाऱ्यातला नाही. बाईंच्या वर्गात अर्धी तोंडवली शिकली. त्यांच्या ओट्यावर मी नसताना कोण कोण बसायचं ते मला माहीत आहे. त्यातल्या कोणाला तरी त्यांनी मनातलं सांगितलं असणार. ज्याला सांगितलं असेल त्याने माझ्या कारखान्यावर यावं आणि मालूबाईंना चार वर्षं हवी होती की पाच, ते माझ्या तोंडावर सांगावं. चहा मिळेल. पण उत्तर दिल्याशिवाय मी उठू देणार नाही.