लेव्हलबाबा

लेव्हलबाबांना जमिनीचा उतार तळपायाला कळायचा. डोंगरावर चर खोदायचे तर आम्ही पाणी भरलेल्या नळीने पातळी घ्यायचो. बाबा आधी अनवाणी चालून जागा दाखवत. नळी मागाहून तेच सांगे. मला म्हणत, "चपला काढा ताई, मंग डोंगर बोलतो."

ते बौद्ध वस्तीतले, भूमिहीन. मी पाणलोटाच्या संस्थेची कार्यकर्ती, नुकती नगरहून आलेली. नव्वदच्या दशकातली गोष्ट. एकाच डोंगराच्या पायथ्याची तीन गावं मिळून पाणी अडवणार होती. श्रमदानात एकदा सरपंचांच्या भावाने खोदलेला चर बाबांनी बुजवायला लावला. बोटभर तिरका होता. शिव्या पडल्या. बाबा म्हणाले, "पाऊस इचारनार न्हाई, चर कुनाचा हाय ते."

गवत रुजायचं तर डोंगरावर चराई बंद हवी होती. वस्तीला शेळ्यांशिवाय आधार नव्हता. मी सभेत शब्द दिला: पायथ्याच्या विहिरीला पाणी आलं की पहिली पाइपलाइन वस्तीला, आणि डोंगरावरच्या गवतातही वाटा. कुणी हलेना. मग बाबांनी हात वर केला, आणि त्यांच्यामागे सगळ्यांनी. पुढच्या बाजाराला शेवगावात बायकोच्या, यमुनाबाईंच्या, पाच शेळ्या विकून ते परतले, रिकामी दावी खांद्यावर टाकून. यमुनाबाई आठवडाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

तिसऱ्या वर्षी विहिरींना पाणी चढलं. बोअर घ्यायचे नाहीत हे ठरलेलं मोडून बागायतदारांनी ते घेतले, ऊस लावला. गवत दूधवाल्यांनी कापून नेलं. तिन्ही गावांच्या सभेत बाबांनी पाइपलाइनचा विषय काढला, तेव्हा पाणलोट समितीचे अध्यक्ष हसून म्हणाले, "बाबा, पानी घ्यायला तुमची जमीन कुठं हाय?"

"प्यायला जमीन लागती व्हय?"

सगळे माझ्याकडे बघत होते. शेजारच्या खोऱ्यातल्या संस्थेच्या कामाची मंजुरी याच सभेच्या ठरावावर अवलंबून होती. सभा मोडली असती तर तीही गेली असती. मी रजिस्टरात मान घातली आणि पुढचा विषय वाचला.

त्या उन्हाळ्यात पायथ्याची विहीर आटली. यमुनाबाई डोंगरापलीकडून हंडा आणताना पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. पाऊस पडायच्या आत गेल्या.

बाबा लेकीकडे अकोल्याला निघाले, तेव्हा मी स्टँडवर गेले. "बाबा, माझं चुकलं," एवढंच मला बोलता आलं.

ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "ताई, तुमी फसवलं असं मी कुनाला बोल्लो न्हाई. पन वस्तीनं हात वर केलं ते माझ्याकडं बघून. आता त्यांच्यात मला ऱ्हाता येत न्हाई."

एसटी आली. त्यांची पिशवी घ्यायला मी पुढे झाले. त्यांनी ती स्वतःच उचलली.