सोबत आलेली

थोरलीची तीस वर्षं लॉन्ड्रीत चादरींना इस्त्री करण्यात गेली. घरी परतावं तर आजाऱ्यांच्या चादरी वाट बघत असायच्या. आधी वडिलांच्या, मग काकांच्या, मग मधल्या भावाच्या. तिघांचंही रक्त तिनंच धुतलं. आईनं बजावलं होतं, "कुणी विचारलं तर मूळव्याध म्हण." झाकली मूठ सवा लाखाची!

मधला गेला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आतड्याचा कॅन्सर तुमच्या रक्तातच दिसतोय. उरलेल्यांनी तपासून घ्या." उरलेला म्हणजे धाकटा, असं सगळ्यांनी धरून टाकलं. घरातल्या पुरुषांनाच हे लागतं, असं आई म्हणायची. थोरलीलाही ते खरंच वाटायचं.

धाकट्यानं वर्षभर टाळलं. "मी दगड पचवतो, ताई."

"मधलाही हेच म्हणायचा," असं म्हणून तिनं एक दिवस त्याला ओढतच नेलं.

नर्स घरच्यांची माहिती लिहून घेत होती. थोरलीनं घडाघडा सांगितलं. दुखणं कळलं तेव्हा वडील बावन्नचे, काका साठीचे, मधला सेहेचाळीसचा.

"आणि तुमची तपासणी कधी झाली?"

"माझी? मी सोबत आलेय."

"वडील तुमचेही होते ना? हा बायकांनाही होतो, बाई."

धाकट्याच्या हाती आयतंच कोलीत मिळालं. "हिची होणार असेल तरच माझी!"

 आपण अंथरूण धरलं तर चादरी कोण धुणार, एवढंच थोरलीच्या मनात आलं. मग म्हणाली, "लिहा माझंही."

तपासणीच्या आदल्या दिवशी दोघांनी तिच्याच घरी पोट साफ करायचं ते खारट औषध घोटघोट प्यायलं. संडास एकच.

"ताई, निघ गं बाहेर!"

"वयाचा मान ठेव मेल्या!"

धाकटा दारात उभ्यानं देवाचा धावा करत होता. इतक्या मनापासून त्यानं जन्मात कधी केला नव्हता.

दुर्बिणीत धाकटा साफ निघाला. थोरलीच्या आतड्यात दोन गाठी सापडल्या आणि तिथल्या तिथे काढल्या. आठवड्यानं रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता, पण गाठी त्याच वाटेवर होत्या. देवानं वेळेत डोळे उघडले म्हणायचे. दर काही वर्षांनी पुन्हा यायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं.

बाहेरच्या बाकावर धाकटा लहान पोरासारखा रडायला लागला. "ताई, माझ्या पोरींना कसं सांगायचं गं?"

"जसं आहे तसं," ती म्हणाली आणि भिंतीला डोकं टेकून तिनं डोळे मिटले. "पण तू सांग. मी दमले रे."