बारडोलीपर्यंत

शेठच्या जुन्या मॉरिस गाडीच्या रेडिएटरचं झाकण ढिलं बसायचं, आणि मला नवरदेवाला घेऊन बारडोलीला जायचं होतं. बमरोलीच्या खानदेशी मेकॅनिकनं यंत्रमागाच्या जुन्या चामडी पट्ट्यातून वायसर कापून आत बसवला. मग इंजीन चालू ठेवून झाकणावर तळहात धरला. त्याचा एक पाय सारखा हलत होता.

"हात भाजेल."

"वाफ आली तर आधी हातालाच कळेल ना, भाऊ!"

थेंबही आला नाही. तरी मी निघताना तो झाकणाकडेच बघत होता.

नवरदेवाला घेऊन, गाडी जपत हळूहळू बारडोलीला पोचलो, तर मांडवासमोर हा मेकॅनिक पाण्याचा डबा घेऊन आधीच उभा! एसटीनं आला होता.

"मना जीव लागना नही."

त्यानं झाकण चाचपलं. कोरडं होतं. वाटलं, सुटला एकदाचा काळजीतून. पण तो डबा मांडीवर घेऊन माझ्या शेजारच्या सीटवर बसला.

"परत बी जानं शे ना!"