शिव्यांचा धनी

दुकानात आले की ते आधी खुर्ची फिरवायचे. टीव्ही भिंतीवर, आम्ही सगळे त्याच्याकडे तोंड करून बसलेलो, आणि हे बरोबर त्याच्याखाली खुर्ची ओढून टीव्हीकडे पाठ करून बसणार. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवायचे आणि आमचा एकेकाचा चेहरा निवांत न्याहाळत राहायचे.

"बाबाजी, पिक्चर तिकडे हाय," कोणीतरी म्हणायचंच.

"मले मालूम हाय. मी पिक्चर नाई पाहत. पाहनाऱ्याले पाहतो."

आणि आम्ही एखाद्या प्रसंगाला टाळी दिली, की ते मान थोडी पुढे करून विचारायचे, "टाळी कोनाले?"

आसगावात माझं झेरॉक्स आणि रिचार्जचं दुकान आहे. क्रिकेटसाठी म्हणून मोठा टीव्ही घेतला, आणि दुकानाची चावडी झाली. गिऱ्हाईक कमी, प्रेक्षक जास्त. त्या प्रेक्षकांत हे एकटेच असे, की ज्यांचा राग येत असूनही ते आले नाहीत तर चुकल्यासारखं वाटायचं. बघणाऱ्याकडे कोणी टक लावून बघत बसलं तर त्याला मोकळं हसता येतं का, तुम्हीच सांगा.

गाव त्यांना मालगुजार म्हणायचं. मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, त्यांच्या सात पिढ्यांत नव्हती. दीड एकर धान आणि राईस मिलमध्ये काट्यावर नोकरी, एवढाच पसारा. पण धानाची कापणी आटोपून गावोगावच्या मंडया, म्हणजे आमच्याकडच्या जत्रा, सुरू झाल्या, की हा माणूस पंचक्रोशीतल्या नाटकांत गरिबांना छळणारा मालगुजार व्हायचा. पीळदार मिशी, डोळ्यांत काजळ आणि हातात चामड्याचा कोरडा. त्या कोरड्याचा आवाज ऐकून लहान पोरं आईच्या पदरात शिरायची म्हणतात. लोक त्यांचं खरं नाव विसरले, आणि मला वाटतं तेही विसरले होते.

बाजारात गिरजाबाई भाजी विकायची. नवी नवरी असताना तिनं यांचं नाटक पाहिलं होतं, तेव्हापासून यांच्यावर तिचा दात. हे समोर दिसले की तिची सुरुवात व्हायची, "आला मेला! तुया मुडदा बशिवला, गरिबाच्या लेकराले मारतेस!" हे हात जोडून, मान खाली घालून सगळं ऐकून घ्यायचे आणि नको असली तरी पावभर वांगी घ्यायचे. वाटेत मला म्हणायचे, "हा माया पगार होय गा. नायकाले टाळ्या, आपल्याले शिव्या. ज्या दिवशी मले टाळी पडली, त्या दिवशी समजा माया नाटकाची माती झाली."

भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा गावात बरीच चर्चा झाली. कोणती कचेरी कुठे गेली, कोणाची बदली कुठे झाली. यांचं दुःख वेगळंच होतं. "जिल्हा फुटला अन् माया अर्ध्या शिव्या गोंदियाले गेल्या," असं ते कितीतरी वर्षं सांगत राहिले.

तर अशा माणसासमोर आमच्या पोरांनी ती परदेशी मालिका लावली. हिंदीतून बोलणारी. त्यातला महानायक उडणारा, पांढऱ्या झळझळीत कपड्यांतला, दातांची जाहिरात करावी तसा हसणारा. त्याला एक कंपनी पोसते, शीतपेयाच्या डब्यांवर त्याचं चित्र छापते. कॅमेरा चालू असला की तो लेकरं वाचवतो, आणि कॅमेरा बंद झाला की माणसं चिरडतो. आम्ही त्याचं नाव ठेवलं पांढरा साहेब.

पहिले काही दिवस आम्ही त्याला हसायचो. त्याचं ढोंग उघडं पडलं की एकमेकांना कोपर मारायचो. "हा तं आपल्याकडलाच होय बे," असं कोणी म्हटलं की दुकान हसून लोळायचं. मालिका करणाऱ्यांनाही हेच हवं असणार. पण हळूहळू काहीतरी उलटं होत गेलं. आम्हाला तो आवडू लागला. पोरांनी मोबाइलवर त्याचे फोटो लावले. कोणी त्याच्यासारखी मान वाकडी करून चालू लागला. त्यानं एखाद्याला चिरडलं की आधी आमच्या तोंडून "अरेरे" निघायचं, आता "एक नंबर!" निघू लागलं. मी चाळिशी ओलांडलेला, दोन लेकरांचा बाप, आणि मीही त्यात होतो. आम्हाला हा बदल कळलाच नाही. ज्याला कळला, तो टीव्हीकडे पाठ करून बसला होता.

एका भागात एका शहरात पूर येतो. पांढरा साहेब सगळ्यांत आधी पोचतो, पण कॅमेरेवाले यायचे असतात, म्हणून एका छपरावर बसून राहतो. खाली माणसं हाका मारत असतात. कॅमेरे आले की हा झेपावतो आणि वाचतील तेवढी वाचवतो. एक म्हातारा नावाडी तेवढा सगळ्यांसमोर म्हणतो, "हा केव्हाचा वर बसून होता." साहेब हसत हसत त्याला उचलतो, लांब उडत जातो आणि पाण्यात सोडून देतो. सोडताना काहीतरी चुरचुरीत बोलतो. दुकानात शिट्ट्या झाल्या आणि कडाडून टाळी पडली.

"टाळी कोनाले?"

मग एक जण म्हणाला, "बाबाजी, त्याची स्टाइल पाहा ना."

"बुढा पान्यात पडला, तवा टाळी पडली. मी पाहून राहिलो होतो ना तुमाले. सारेच्या सारे हसून राहिले होते."

"अवो, खोटं होय ते. टीव्ही होय."

"मीबी खोटाच होतो," ते म्हणाले आणि उठून गेले.

ही वैनगंगेकाठची माणसं बरं का. आमच्याकडे पूर पाहिला नाही असं घर नाही. मला त्या क्षणी लाज वाटली, पण पुढचा भाग सुरू झाला तशी ती गेलीही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान रिकामं असताना ते पुन्हा आले. टीव्ही बंद होता, तरी खुर्ची फिरवलीच. आणि काही न विचारता सांगू लागले.

नदीपलीकडच्या एका गावात त्यांचं नाटक होतं. ते गाव आता गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली आहे. मालगुजार हे, आणि मजुराच्या भूमिकेत सुदामकाका. सुदामकाका आमच्याच गावचे, विहाराजवळ राहणारे, पुढे एसटीत कंडक्टर झालेले. दोघांची लहानपणापासूनची दोस्ती. प्रवेश असा की मालगुजार मजुराला दोन कोरडे मारतो. मारायचे फळीवर, आवाज होतो आणि मजूर तळमळतो. त्या गावात पुढच्या सतरंजीवर मोठ्या घरची माणसं बसली होती. मागे होते ते सुदामकाकांचे लोक, ज्यांचे आजे-पणजे खरोखरच्या मालगुजाराच्या धानाच्या बांधीत राबले होते.

"दुसरा कोरडा पडला अन् पुढचे हासले. टाळी वाजवलन त्याईनं. म्हनत, अजून दे रे! जिंदगीत पयल्यांदा मले टाळी पडली होती गा. मले काय झालं काय मालूम. अजून दोन मारले. फळीवर नाई. सुदामच्या पाठीवर."

मी बंद टीव्हीकडे बघू लागलो.

"मागचे लोक उठून गेले. एक शिवी नाई देल्ली कोनी. सुदामनं नाटक पुरं केलन. घरी येताना मायाच सायकलवर मांगं बसला. आजपावतर एक शब्द नाई बोलला. गाव बुडालं, पर ते टाळी नाई बुडाली." मग म्हणाले, "तवापासून मी पाहनाऱ्याले पाहतो. अन् पाहता पाहता मलेच पाहतो."

त्या दिवाळीनंतर गावातल्या मंडळानं ठरवलं, मंडईच्या दिवशी दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात, जुना मालगुजाराचा प्रवेश करायचा, आणि तो या दोन म्हाताऱ्यांनीच करायचा. मला वाटलं, हे नाही म्हणतील. पण ते लगेच हो म्हणाले. सुदामकाकाही हो म्हणाले, का ते त्यांनाच ठाऊक.

तालीम माझ्या दुकानामागच्या अंगणात झाली. हे फळीवर कोरडा मारायचे, सुदामकाका तळमळून पालथे व्हायचे. "मालगुजार, दमानं घे गा. पलटी माराले मले आता टाइम लागते," असं म्हणत ते जमिनीवरूनच बिडी मागायचे. हे त्यांना हात देऊन उठवायचे, पाठीवरची माती झटकायचे. ती माती झटकायला यांना जरा जास्तच वेळ लागायचा.

मला एकट्याला ते म्हणाले, "सुदामसमोर तोच सीन एकडाव नीट झाला, तं मी सुटलो. दोनच कोरडे. अन् शिव्या पडाले पायजे. गिरजाबाईले पुढं बसव."

मी गिरजाबाईला पुढे बसवलं. तिच्या मागे मी, आणि आजूबाजूला दुकानातली सगळी पोरं, मोबाइल उंच धरून. भर दुपारची मंडई, आकाशपाळणा फिरतोय, जिलेबीचा वास येतोय. फळ्यांच्या मंचावर वरून एक माइक लोंबत होता. मिशी चिकटवून, काजळ घालून मालगुजार आले आणि खरं सांगतो, सत्तरी उलटलेला तो माणूस हातभर अधिक उंच दिसत होता.

पहिला कोरडा फळीवर पडला. मंडई चिडीचूप झाली. कुठेतरी एक लेकरू रडलं. गिरजाबाई ओरडली, "तुया मुडदा बशिवला!" मालगुजारांच्या मिशीखाली मला समाधान दिसलं.

दुसरा कोरडा पडला. आणि आमच्यातलाच एक जण पुराचा तो भाग पाहताना ओरडावं तसा ओरडला, "ए, पांढरा साहेब! एक नंबर!" पोरं हसली. शिट्टी झाली. टाळी एका कोपऱ्यातून निघाली आणि वणव्यासारखी पसरली. "अजून! अजून एक!" मी हसत होतो. माझे हात टाळ्या वाजवत होते. हे सगळं ऐकलेला, सगळं ठाऊक असलेला, सुदामकाका सोडले तर गावात मी एकटाच होतो, आणि मी टाळ्या वाजवत होतो.

मालगुजारांनी मान वळवून आमच्याकडे पाहिलं. ते पाहणं रोजचं नव्हतं. कॅमेरे आले की पांढरा साहेब पाहायचा, तसं ते होतं. त्यांचा हात तिसऱ्यांदा वर गेला.

सुदामकाका पालथे पडले होते. नाटकात मजूर वर पाहत नाही. त्यांनी पाहिलं. आणि हळूच, फक्त मालगुजारांना ऐकू जाईल असं म्हणाले, "टाळी कोनाले, गड्या?"

पण वर माइक लोंबत होता. तो प्रश्न सगळ्या भोंग्यांतून एकदम बाहेर पडला आणि पाळण्यापर्यंत ऐकू गेला.

हात वरच राहिला. टाळ्या विरत विरत थांबल्या. माझे दोन्ही तळवे एकमेकांपासून वीतभर अंतरावर तसेच राहिले, आणि ते कुठे ठेवावेत हे मला कळेना. मालगुजारांनी कोरडा खाली टाकला. वाकून सुदामकाकांना उठवायला गेले, ते जमलं नाही, तेव्हा स्वतःच त्यांच्याजवळ फळ्यांवर बसले आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले. शेवटी कोणीतरी पडदा ओढला.

त्यानंतर ते दुकानात आले नाहीत. मी घरी गेलो. "काई नाई गा, गुडघे," म्हणाले. चहा झाला. मी उठायला लागलो तेव्हा म्हणाले, "हात वर गेलाच ना?"

"चूक आमची होती बाबाजी. आम्ही टाळ्या..."

"पोराईले तं मालूम नोयतं. मले मालूम होतं. माया हात काहून गेला?"

मलाही मालूम होतं आणि तरी मी टाळ्या वाजवल्या, हे मी तेव्हाही बोललो नाही. पुढच्या धानाच्या रोवणीच्या आधी ते गेले.

शाळेच्या पटांगणात शोकसभा झाली. भंडाऱ्याहून एक पाहुणे आले होते, ते छान बोलले. शेवटी म्हणाले, "कलावंताला निरोप टाळ्यांनीच द्यायचा असतो. सर्वांनी उभं राहून जोरदार टाळ्या वाजवूया." आम्ही सगळे उभे राहिलो. दुकानातली पोरं उभी राहिली. एकाही हाताचा आवाज झाला नाही. पाहुणे एकटेच वाजवू लागले आणि गोंधळून थांबले. मी माझे हात पाठीमागे धरले होते.

पहिल्या रांगेतून सुदामकाका म्हणाले, "साहेब, टाळ्या नाई. त्याले शिव्या लागत." आणि त्यांनी मागे वळून पाहिलं.

गिरजाबाई बायकांमधून पुढे आली. हार घातलेल्या फोटोसमोर कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "तुया मुडदा..." एवढंच म्हणाली आणि अडखळली. पदर तोंडाला लावून तशीच उभी राहिली. मग फोटोवर खरोखर रागावून म्हणाली, "पावभर वांगे आता कोन नेईल रे, मेल्या?"