वहिनीच्या कुंडीतली भुरी

सांगलीहून कुंडलला पोचले तेव्हा वडील पाठीवर पंप अडकवून गॅलरीत उभे होते आणि वहिनीचं सक्युलंट गंधकानं पिवळं झालं होतं. उन्हाळ्याची भर दुपार. मी चपलासुद्धा काढल्या नाहीत.

"आप्पा, काय मारलंत हे?"

"भुरी आलीया. बागंत आली तर बघत बसतो व्हय मी?"

भुरी म्हणजे द्राक्षाच्या पानावर पिठासारखी पसरणारी बुरशी. आमच्याकडं ती शेंबड्या पोरालाही कळते, आणि म्हणूनच घोळ झाला. या जाड पानांच्या, गुलाबाच्या घडणीच्या रोपावर पांढरट मेणाचा थर मुळातच असतो. त्यानंच ते उन्हात तगतं. द्राक्षमण्यावरही असाच थर असतो. तो पुसू नये म्हणून हाच माणूस तोडणीच्या बायकांवर खेकसतो, "देठाला धरा, मण्याला हात लावू नका!" आणि इथं स्वतः अंगठ्यानं पानं पुसून वर गंधक! गंधक कडक उन्हात पानं भाजतं हे मी आमच्या शेतकरी संघटनेच्या पत्रकात छापलं होतं. त्या पत्रकावर घरात शेंगा सोलल्या गेल्या. औषध देणाऱ्या दुकानदारानंही पीक कुठलं ते विचारलं नव्हतं. तापाला गोळी देणारा निदान जीभ तरी बघतो!

वहिनी दारात उभी होती. भाऊ फौजेत. डोंगरातल्या पोस्टिंगवरून रजेवर येताना त्यानं हे रोप लोकरी मोज्यात गुंडाळून, ट्रंकेत घालून तिच्यासाठी आणलेलं. भांडी आईची, कपाटाची किल्ली वडिलांकडं, टीव्ही सगळ्यांचा. तिचं एकटीचं म्हणावं असं घरात हे एवढंच. ते जगावं, इतकंच तिला हवं होतं आणि तिला विचारलं कुणीच नव्हतं.

"मग मरगळलंय कशानं, सांग की," वडील म्हणाले. प्रश्न रास्त होता.

पानांच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके दिसले. पिठ्या ढेकूण, रस शोषणारी कीड. वर मुंग्यांची रांग. पण बुंध्याला बोट लावलं तर तो पिकल्या केळासारखा दबला. कुंडी उपडी केली. आत चिखल, काळी मुळं, कुजका वास. सकाळी आई पाणी घालायची, संध्याकाळी वडील. उसाला पाट सोडायची सवय. तहान लागली का, हे रोपाला कोण विचारतंय?

ढेकणांसाठी मी स्पिरिट मागितलं.

"दादाची बाटली हाय की कपाटात," वडील म्हणाले. "मिलिट्रीचा माल. पाज रोपाला, नाचंल."

मेडिकलमधून स्पिरिट आणलं. कापूस बुडवून एकेक पुंजका टिपला. मग सुरी पुसून बुंधा कापला. आत तपकिरी ठिपका. अजून वर कापला, तरीही ठिपका. वहिनीनं माझं मनगट धरलं.

"वन्सं, काय ऱ्हायचं का न्हाई?"

"कुज ठेवली तर काहीच नाही राहणार."

शेवटी स्वच्छ हिरवट चकती लागली. उरला मुठीएवढा शेंडा. तो सावलीत वाळवला, जखम सुकल्यावर कोरड्या जाड वाळूत, विटेच्या चुऱ्यात टेकवला. पाणी नाही.

कलेक्टर कचेरीसमोर धरण्याला मी दिवसभर बसू शकते. त्या कुंडीसमोर मला बसवेना. सुट्टी मिळाली की एसटीनं कुंडल गाठायचं आणि शेंडा हलवून बघायचा. पानं सुरकुतत चाललेली.

"हात काढा वन्सं. मुळी धरंल का अशानं?" वहिनी खेकसली.

एकदा असेच आम्ही तिघं गॅलरीत असताना वडील तांब्या घेऊन पुढं आले. "दोन घोट तर घालू दे. जीव हाय त्यो. वाळून चाललाय."

वहिनी मध्ये आली. सासऱ्यापुढं तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"मामंजी, तांब्या ठिवा. बागंला तुमी काय मारायचं ते मारा. ह्या कुंडीला मी म्हणीन ते."

वडिलांनी माझ्याकडं असं पाहिलं, की जणू हे पत्रक मीच छापलंय. मी मान हलवली. माझं नव्हतं ते.

वहिनीनं नखानं वाळू बाजूला केली. कापल्या जागी दोऱ्यासारख्या गुलाबी मुळ्या फुटल्या होत्या.

"बघा. पाण्याबिगर आल्यात."

वडिलांनी वाकून बघितलं. "बरं," म्हणाले, आणि तांब्यातलं पाणी उभ्या उभ्या स्वतःच पिऊन टाकलं.