पाण्यापलीकडची गच्ची

एका मंगळवारी सकाळी साडेनऊला सिस्टर गेल्या. चहा पिऊन त्यांनी कप धुतला होता.

"डोळा लावा, हात नका लावू." त्यांच्या गच्चीवर एकदा तरी गेलेल्या प्रत्येकाने हे ऐकलेलं आहे. सगळी नोकरी आरोग्यकेंद्रात काढलेल्या या नर्सबाई दुर्बिणीशेजारी उभ्या राहत आणि आपण इंजेक्शनच्या खोलीत आल्यासारखे दोन्ही हात पाठीमागे घेत असू. दुर्बीण ऑनलाइन मागवलेली, एका डोळ्याने बघायची, स्पॉटिंग स्कोप म्हणतात ती. यादीतली सगळ्यांत स्वस्त. तिवई इतकी हलकी, की नुसतं बोट लागलं तरी माजलगाव धरणाचं सगळं पाणी थरथरायचं. म्हणून सिस्टरनी तिच्या एका पायाला क्रेप बँडेज गुंडाळलं होतं आणि खाली विटांची पिशवी टांगली होती. खोक्यावर साठ पट लिहिलेलं, पण चाळीसच्या पुढे कडं फिरवलं की काचेत नुसतं ताक दिसायचं.

"वीसवर लई झ्याक दिसतं," त्या म्हणत. "साठ कुणाला पाहिजे? मला काय चंद्रावर जायचंय?"

मी गावातलं वाचनालय सांभाळतो आणि त्यांच्या शेजारी राहतो. दुर्बीण आली त्या आठवड्यात त्यांनी माझ्याकडून पक्ष्यांचं पुस्तक नेलं. दीड वर्षाने ते परत आलं तेव्हा पानं एकमेकांना चिकटलेलीच होती. आज काय दिसलं विचारलं की उत्तर ठरलेलं, "बगळा." हिवाळ्यात पाहुणी बदकं थव्याने उतरली, तेव्हाही बगळाच. माझ्यासारख्या पुस्तकी माणसाला हे सोसेना. एका सकाळी त्या खाली दूध घ्यायला गेल्या असताना मी हात पाठीमागे बांधून डोळा लावला.

पाणी दिसलंच नाही. पलीकडच्या गावातलं एक घर होतं, गच्चीवर जाणारा बाहेरचा जिना, दोरीवर हिरवं लुगडं आणि एक म्हातारी बाई.

"ती अक्का," मागून आवाज आला. "माझी थोरली."

सहा वर्षांपूर्वी एका लग्नात, भरल्या पंगतीत, सिस्टरनी अक्कांच्या ताटातल्या दोन जिलब्या उचलून बाजूला ठेवल्या होत्या. अक्कांना शुगर. "चारचौघांत माझ्या ताटात हात घातला," म्हणत अक्का उठल्या आणि बोलणं संपलं. पाण्यावरून सरळ तीन किलोमीटर, बसने फिरून दोन तास. दोघींपैकी एकीनेही ते अंतर तोडलं नव्हतं.

मला कळल्यावर लपवायचं काही उरलं नाही. दहानंतर पाण्यावरची हवा उन्हाने हलू लागते, म्हणून सगळं दहाच्या आत चाले.

"खायलीय बघा! वाटीत गूळ हाय."

"एवढ्या लांबून गूळ ओळखलात?"

"बोटं चाटायलीय. औषध घेऊन कुणी बोटं चाटतं का?"

"मग फोन करून सांगा."

"काय सांगू? तुझ्यावर दुर्बीण लावून बसलेय?"

अशी त्यांची पंचाईत. आम्ही मात्र हसत असू.

पोळ्यानंतर एका सकाळी त्या बराच वेळ डोळा लावून राहिल्या. कडं स्वतःच चाळीसवर नेलं.

"चार दिवस झाले, डाव्या पायाला तेच फडकं हाय."

मी बघितलं. अक्का दणादण जिना उतरत होत्या. "चालताहेत की चांगल्या," मी म्हणालो.

"तेच वाईट हाय, सर. जखम हाय तर लंगडत कावून न्हाई? शुगरच्या पायाला दुखत न्हाई. दुखत न्हाई म्हणून माणूस बघत न्हाई, अन् पाय जातो."

त्यांनी दुर्बीण झाकलीसुद्धा नाही. पुढच्याच बसने आम्ही निघालो. औषधांची पिशवी माझ्या मांडीवर होती.

अक्का दारातच बसल्या होत्या. "कशाला आलीस? ताट तपासायला?"

सिस्टर समोर जमिनीवर बसल्या. अक्कांचा पाय ओढून मांडीवर घेतला आणि फडकं सोडलं. वास आला. करंगळी काळी पडली होती.

"तुला कुणी सांगितलं?"

"बगळ्यानं."

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मी गंभीरपणे मान हलवली.

त्याच दिवशी त्यांना बीडला नेलं. करंगळी गेली, पाय राहिला. पुढे तीन महिने सिस्टर एकाआड एक दिवस बसने ड्रेसिंगला जात होत्या. बोलणं सुरू झालं म्हणजे भांडण सुरू झालं. "तुझा हात लई जड हाय," अक्का ओरडायच्या. "तुझी जीभ जड हाय, गूळ खाऊन," सिस्टर चिकटपट्टी फाडत म्हणायच्या. परत आल्या की मला सांगत, "आज चार शिव्या दिल्या. तब्येत सुधारली."

पाय बरा झाल्यावरही जाणं थांबलं नाही. त्या मंगळवारीही त्या निघायच्याच होत्या. दारात चपला काढून ठेवलेल्या होत्या, पिशवी भरलेली होती. डॉक्टर म्हणाले, हृदय.

अक्कांना मी फोन केला. त्या म्हणाल्या, "बसच्या वेळेला आली न्हाई, तवाच कळलं."

पलीकडच्या त्या जिन्याला चौदा पायऱ्या आहेत; हात पाठीमागे बांधून, वीसवर, मी मोजल्या. अक्का रोज सकाळी दोन्ही पायांनी तो चढतात.